सार्वजनिक वनातील गर्दी आणि धनुष्याने एल्कची शिकार : कोलोरॅडोतील एका नियोजनाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण सप्टेंबर 2024 मधील नऊ दिवसांच्या शिकारीचे आणि तिच्याआधी वर्षभर चाललेल्या तयारीचे आहे. शिकारी दोघे होतो : गेली अनेक वर्षे डेन्व्हरजवळ राहणारा मी आणि टेक्सासमध्ये स्थायिक असलेला माझा एक जुना सहकारी. पैसे घेऊन शिकार घडवून आणणारा आउटफिटर आमच्याबरोबर नव्हता, घोडे नव्हते आणि कोणाच्या खाजगी रानात जाण्याची परवानगीही नव्हती. जागा होती वायव्य कोलोरॅडोतील व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनाचा, मीकर या लहान गावाकडून गाठता येणारा भाग. नेमकी घळ मी सांगणार नाही. या छंदात ती सांगण्याची रीत नाही आणि ती वाचकाच्या उपयोगाचीही नाही.

एल्क हे हरणांच्या कुळातले मोठे जनावर आहे. पूर्ण वाढलेला नर 300 किलोंच्या आसपास भरतो, म्हणजे आपल्याकडील मोठ्या सांबराच्या बरोबरीचा किंवा थोडा अधिकच; नात्याने मात्र तो सांबरापेक्षा काश्मीरच्या हंगुलाला जवळचा. युरोपात एल्क हा शब्द मूस या वेगळ्याच जनावरासाठी वापरतात, त्यामुळे जुनी वर्णने वाचताना गोंधळ होतो. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद असल्यामुळे मराठी वाचकाला हा विषय खटकणे स्वाभाविक आहे, म्हणून तिकडची व्यवस्था थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार शिकारीमुळे कोलोरॅडोत जेमतेम हजारभर एल्क उरले होते. वायोमिंगमधून जनावरे आणून सोडण्यात आली, परवाने व हंगाम ठरवून देण्यात आले, आणि 1937 च्या एका संघीय कायद्याने शस्त्रे व दारूगोळ्यावरील कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. आज या राज्यात सुमारे 2,80,000 एल्क आहेत, म्हणजे अमेरिकेतील कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. शिकारीच्या परवान्यांतून येणारा पैसा हा तेथील वन्यजीव विभागाच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे.

एल्क इतके असूनही धनुष्याने शिकार करणाऱ्या दहा जणांपैकी साधारण एकालाच यश येते. कारणे दोन आहेत. पहिले बाणाच्या पल्ल्याचे, दुसरे माणसांच्या गर्दीचे. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरभर चालतो. नर माजावर येतात, पहाटे आणि संध्याकाळी शीळ व डरकाळी यांच्या मधला एक लांब आवाज काढतात. त्याला बिगुल म्हणतात आणि तो ऐकण्यासाठी माणसे देशभरातून येतात. त्यातच 2024 पर्यंत कोलोरॅडोच्या अनेक युनिटांत, म्हणजे शिकारीसाठी आखून दिलेल्या विभागांत, धनुष्याचा परवाना बाहेरच्या राज्यातील माणसालाही सोडतीशिवाय, सरळ दुकानातून विकत घेता येत असे. त्याला तो सुमारे 800 डॉलरांना पडे, पण कितीही जणांना मिळे. 2025 पासून आंतरराज्यीय महामार्ग 25 च्या पश्चिमेकडील युनिटांसाठी बाहेरच्यांना सोडत लागू झाली. म्हणजे माझ्या मित्राच्या दृष्टीने 2024 हे मोकळ्या विक्रीचे शेवटचे वर्ष होते, आणि तसे मानणारे आम्हीच दोघे असणार नाही हे उघड होते.

हिवाळ्यात आम्ही सर्वांप्रमाणेच नकाशावर एल्क शोधू लागलो : चरण्याची कुरणे, उत्तरेकडील उतारावरची स्प्रूस व फर वृक्षांची दाट काळोखी झाडी, पाण्याचे झिरपे, लोळण घेण्याची चिखलाची डबकी. मार्चपर्यंत फोनवरील नकाशात चाळीसहून अधिक खुणा झाल्या. त्या एकत्र पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, ती अशी की यांतली एकही खूण इतरांना न दिसणारी नव्हती. ज्या उपग्रह चित्रावरून आम्ही कुरण शोधले, तेच चित्र मिनेसोटातला आणि विस्कॉन्सिनमधला माणूसही रात्री जेवण झाल्यावर पाहत बसलेला असतो. त्या दिवशी आम्ही एल्कच्या खुणा तशाच ठेवून नकाशाच्या दुसऱ्या थरावर माणसांच्या खुणा करायला घेतल्या.

यासाठी माझ्याजवळ थोडी सामग्री होती. सप्टेंबर 2023 मध्ये दोन शनिवार-रविवार मी केवळ गाड्या मोजण्यासाठी त्या भागात गेलो होतो (घरी ही सहल कशासाठी हे समजावून देणे शिकारीपेक्षा अवघड गेले). पायवाटा जेथून सुरू होतात त्या पाच ट्रेलहेडांवर मी पहाटे आणि दुपारी उभ्या गाड्या मोजल्या. सर्वांत मोठ्या ठिकाणी 31 गाड्या होत्या आणि त्यांपैकी 9 घोड्यांच्या गाड्या होत्या; सर्वांत लहान ठिकाणी 4. गाड्यांच्या संख्येपेक्षा वेळा अधिक बोलक्या निघाल्या. माणसे साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान अंधारात निघत, अकराच्या सुमारास बरीचशी परतत, तंबूत झोपत आणि चारनंतर पुन्हा जात. निघाल्यावर ती पायवाटेने सरळ आत जात. 'रस्त्यापासून दूर जा, म्हणजे गर्दी संपेल' हा उपदेश या क्षेत्रात इतका रुजलेला आहे की गर्दीच दूर जाऊन बसली होती. 1964 च्या कायद्याने या वनातील फ्लॅट टॉप्स नावाच्या संरक्षित रानात मोटार आणि सायकलच काय, मांस वाहण्याची चाकाची हातगाडीदेखील नेता येत नाही; पण घोडेवाल्यांचे तळ पाच-सहा मैल आत पडलेले असतात, आणि पायी जाणाऱ्याने जिवाच्या आकांताने तेवढे अंतर कापले तर त्याला तेथे आधीच लागलेला कापडी तंबू आणि कॉफीचा वास भेटतो.

माणसांचा थर भरून झाल्यावर नकाशात ज्या रिकाम्या जागा उरल्या, त्यांतील बहुतेक रिकाम्या असण्यास योग्यच होत्या : उघडे खडक, वणव्यानंतर आडवीतिडवी पडलेली खोडे, पाण्यावाचून कोरडे उतार. एक मात्र वेगळी होती. वनविभागाचा कच्चा रस्ता एका डोंगरसोंडेच्या माथ्यावरून जातो; तेथून उत्तरेला दाट झाडीचा उतार सुमारे 1,300 फूट खाली जातो आणि त्याच्या पायथ्याशी खाजगी गवताची शेते आहेत. उताराला पायवाट नाही. रस्त्यावर ट्रेलहेडाची पाटी नाही, जेमतेम दोन गाड्या थांबतील एवढी जागा आहे. ही जागा अस्पर्श राहण्याचे कारण शोधायला फार डोके लागले नाही. येथे रिकाम्या हाताने खाली उतरावे लागते आणि मांस पाठीवर घेऊन वर चढावे लागते.

खालच्या खाजगी शेतांमुळेच या उताराला महत्त्व होते. हंगाम सुरू होताच एल्क सार्वजनिक वनातून खाजगी जमिनीकडे सरकतात, हे वायव्य कोलोरॅडोतील कळपांवरील अभ्यासांत दिसून आलेले आहे, आणि शेतकऱ्यांना ते अभ्यासाशिवायच माहीत आहे. आमचा कयास असा होता की रात्री शेतात चरणारी जनावरे दिवसा सावलीसाठी याच उतारावर, सार्वजनिक हद्दीत, बसायला येत असावीत. जुलै आणि ऑगस्टमधील प्रत्येकी एका फेरीत आम्हाला उताराच्या मधल्या टप्प्यावर बसण्याच्या दबलेल्या जागा, ओल्या लेंड्या आणि एक वापरातले लोळणीचे डबके सापडले. हद्दीचा प्रश्न मात्र गंभीर होता. जखमी जनावर खाजगी जमिनीत गेले तर मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्यामागे जाता येत नाही. म्हणून हद्दीपासून 400 यार्डांच्या आत बाण सोडायचा नाही अशी रेघ आम्ही नकाशावर मारली आणि त्यामुळे उताराचा खालचा, कदाचित सर्वांत चांगला, पट्टा सोडून दिला. वरची रेघ मांसाने ठरवली. मोठ्या नराचे हाडे काढलेले मांस 200 पौंडांच्या पुढे जाते. दोघांनी प्रत्येकी दोन खेपा केल्या तर मांसाच्या जागेपासून रस्त्यापर्यंतचे अंतर प्रत्येकाला तीनदा चालावे लागते, त्यांत दोनदा ओझ्यासह. सप्टेंबरच्या उन्हात मांस लवकर बिघडते, त्यामुळे हे सगळे एका दिवसात व्हायला हवे. सव्वा मैल आणि 900 फुटांची चढण ही आमची कमाल मर्यादा निघाली. पाच मैल आत जाण्याचा प्रश्न या हिशेबाने आपोआप निकालात निघाला.

आता वाऱ्याचा भाग, ज्यावर माझ्या मते हे सर्व प्रकरण उभे आहे. एल्कची नजर व कान चुकवता येतात, नाक चुकवता येत नाही. डोंगरात शांत हवामान असेल तर रात्री आणि पहाटे थंड जड हवा उतारावरून खाली वाहते. ऊन पडून जमीन तापली की ती वर चढू लागते. संध्याकाळी सावली पडताच पुन्हा खाली येते. उत्तरेकडील उतारावर ऊन उशिरा पोहोचते, त्यामुळे तेथे हा पालट साडेनऊ-दहाच्या सुमारास होतो. आमच्या उतारावर रस्ता माथ्याला होता. म्हणजे पहाटे जो कोणी गाडीतून उतरून खाली निघेल, त्याचा वास त्याच्या आधी एल्कपर्यंत पोहोचणार. पूर्वी कोणी या उतारावर प्रयत्न केलेच असतील तर ते इतरांप्रमाणे पहाटे केले असावेत, जनावरे उठून गेली असावीत, आणि 'येथे काही नाही' असा निष्कर्ष निघाला असावा. त्यावरून आम्ही वेळापत्रकच उलटे केले : पहाटे माथ्याच्या पूर्व टोकाला बसून केवळ आवाज ऐकायचे, दहाच्या सुमारास वारा वर वाहू लागल्याची भुकटी उडवून खात्री करायची, मग खाली शिरायचे आणि साडेचारच्या आत, हवा पुन्हा उलटण्यापूर्वी, आडव्या सोंडेवरून बाहेर पडायचे. इतर शिकारी झोपलेले असतात ते हेच तास.

तारखांवर आमचा बराच वाद झाला. 2 सप्टेंबरला हंगाम सुरू होत होता आणि त्याच दिवशी लेबर डेची सुट्टी होती, म्हणून पहिला आठवडा बाद झाला. 14 ते 22 हा ठासणीच्या बंदुकांचा हंगाम होता. माजाचा ऐन भर आणि माणसांचा ऐन भर एकाच वेळी. मला 23 नंतरचे दिवस हवे होते. मित्राला आवाजांचा भर चुकवायचा नव्हता, शिवाय त्याची रजा ठरलेली होती. शेवटी 19 ते 27 अशी तडजोड झाली. 17 तारखेच्या पौर्णिमेमुळे रात्री उजेड असणार, जनावरे रात्रभर चरून पहाटेच झाडीत शिरणार, हा मुद्दा पहाटेच्या शिकारीला मारक असला तरी आमच्या दुपारच्या योजनेला सोयीचा होता. साधनांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. कोलोरॅडोत धनुष्याचा ताण किमान 35 पौंड आणि बाणाच्या पात्याची रुंदी किमान पाऊण इंचाहून थोडी अधिक, म्हणजे सात-अष्टमांश इंच लागते. आमची कंपाउंड धनुष्ये 60 ते 65 पौंडांची होती. महत्त्वाचा निर्णय अंतराचा. अंगणातल्या लक्ष्यावर मित्राचे बाण 60 यार्डांवरूनही थाळीएवढ्या जागेत बसत. पण धावत चढून आल्यावर, गुडघ्यावर बसून, पाठीवर पिशवी असताना तीच जागा 40 यार्डांपुढे सुटू लागली. म्हणून 40 ही मर्यादा दोघांनीही लिहून ठेवली.

पहिले दोन दिवस योजना पाळली गेली आणि काहीही दिसले नाही. तिसऱ्या दिवशी, म्हणजे 21 तारखेच्या शनिवारी पहाटे, उतारावरून लागोपाठ सात-आठ बिगुल ऐकू आले. दोन नर एकमेकांना उत्तर देत होते. मित्र 900 मैलांवरून आला होता. दहा वाजेपर्यंत बसून राहणे त्याला अशक्य झाले आणि, प्रामाणिकपणे सांगायचे तर, मीही त्याला फार अडवले नाही. आम्ही पावणेसातला खाली निघालो. दोनशे यार्डही उतरलो नसू तोच खाली फांद्या मोडण्याचा आवाज झाला, एकदा मादीची भुंकल्यासारखी इशारत आली आणि सर्व उतार शांत झाला. त्यानंतर दोन दिवस त्या झाडीत एकही ताजा ठसा पडला नाही. नियोजनातील चूक शोधायची तर ती वाऱ्याच्या हिशेबात नव्हती. हिशेब माहीत असलेल्या दोन माणसांना आवाज ऐकल्यावर काय होईल, हे आम्ही कागदावर धरले नव्हते.

रविवारी माथ्यावर एक वयस्क शिकारी भेटला. तो बराच वेळ बिगुलाची नळी वाजवत आमच्या दिशेने येत होता आणि आम्ही त्याला एल्क समजून अर्धा तास झाडाआड बसलो होतो. अशा भेटी सहसा दोन कोरड्या वाक्यांत संपतात, कारण प्रत्येकाला दुसरा आपली जागा बिघडवणारा वाटतो. या वेळी आम्ही नकाशा उघडून सरळ विचारले की तुम्ही पुढचे दिवस कोठे असणार. तो सोंडेच्या पश्चिमेला, पहाटे आणि संध्याकाळी, उघड्या कुरणाच्या कडेला बसणार होता. आम्ही पूर्वेला, दुपारी, खाली असणार असे सांगितले आणि एकमेकांची बाजू न ओलांडण्याचे ठरले. निघताना त्याने एक मोलाची माहिती दिली : वरच्या पठारावर उन्हाळाभर चरणारा मेंढ्यांचा कळप दोन दिवसांत राखणीच्या कुत्र्यांसह खाली आणला जाणार होता. या राष्ट्रीय वनात परवान्याने मेंढ्या व गुरे चारतात आणि मेंढपाळांत पेरूहून आलेले अनेक जण असतात. हे आम्हाला ठाऊक होते. पण गर्दीच्या थरात आम्ही मेंढ्या कधी मांडल्याच नव्हत्या.

मंगळवारी मेंढ्या रस्त्यावरून गेल्या. बुधवारी, 25 तारखेला, सव्वादहाला खाली शिरताच ताजे ठसे लागले. एल्क मेंढ्यांमुळे पठारावरून इकडे सरकले, की शनिवार-रविवारची माणसे गेल्यामुळे शेतांकडून परत आले, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पावणेबाराच्या सुमारास डबक्याच्या वरच्या अंगाला मित्राने मादीचा हलका आवाज एकदाच काढला. या भागातील एल्क हंगामाच्या अखेरीस नळ्यांचे आवाज ओळखून असतात, म्हणून आम्ही फार बोलायचे नाही असे ठरवले होते. वीस मिनिटांनी तीन माद्या एकामागून एक झाडीतून वर आल्या. त्यांच्यामागे नर होता. त्याची शिंगे दिसली, शरीर दिसले नाही. आमच्या परवान्यावर मादीही चालत होती. दुसरी मादी 31 यार्डांवर आडवी थांबली आणि मी बाण सोडला. ती सुमारे 120 यार्ड वर, हद्दीच्या उलट दिशेला, धावली. चाळीस मिनिटे थांबून आम्ही रक्ताच्या मागाने गेलो तेव्हा ती पडलेली होती. परवान्याची चिठ्ठी लगेच लावली, पोट न फाडता चारही तंगड्या आणि पाठीचे पट्टे सोडवले, लिंग ओळखता येईल असा भाग नियमाप्रमाणे मांसाला जोडलेला ठेवला. मादी असल्यामुळे ओझे सुमारे 150 पौंडांचे झाले. शेवटची खेप रस्त्यावर आली तेव्हा पावणेसहा वाजले होते आणि माझे गुडघे पुढचे दोन दिवस कामाचे राहिले नाहीत. मित्र उरलेले दोन दिवस एकटाच खाली गेला. शुक्रवारी त्याला 55 यार्डांवर नर मिळाला आणि त्याने बाण सोडला नाही.

यशाचे श्रेय किती नियोजनाला आणि किती मेंढ्यांना, हा प्रश्न मी मिटवू शकलेलो नाही. इतके मात्र नोंदवता येते की नऊ दिवसांत त्या उतारावर आम्हाला दुसरा एकही शिकारी भेटला नाही, आणि त्याच काळात चार मैलांवरच्या ट्रेलहेडावर मी शनिवारी 27 गाड्या मोजल्या. मित्रासाठी समुद्रसपाटीजवळून थेट 9,500 फुटांवर येणे जड गेले. त्याने दोन दिवस आधी यायला हवे होते, आणि पहिल्या दोन दिवसांतील आमच्या अपयशात त्याच्या धापेचाही वाटा असावा.

पुढच्या वर्षी कोलोरॅडोच्या रहिवाशांना धनुष्याचा परवाना पूर्वीप्रमाणेच विकत घेता येत होता, म्हणून माझा प्रश्न नव्हता. मित्राने 1 एप्रिल 2025 च्या मुदतीआधी सोडतीसाठी अर्ज केला आणि त्याला परवाना मिळाला नाही. त्याबरोबर मांसाचा सगळा हिशेब बदलला. एकट्याला मादीच्या तीन आणि नराच्या चार खेपा होतात, म्हणजे तेच अंतर पाच ते सात वेळा, आणि 900 फुटांची चढण एका दिवसात शक्य नाही. मी वरची रेघ पुसून रस्त्याखाली 400 फुटांवर नवी मारली. डबके त्या रेघेच्या खाली राहते.